संदर्भ द्यायचा म्हणजे काय द्यायचे?

सेतुमाधवराव पगडींची ओळख मराठी वाचकाला करून द्यायला नको. १९१० साली निलंग्यात जन्मलेले, हैदराबाद संस्थानच्या मुलकी सेवेत गेलेले, फारसी साधने मराठीत आणून मराठ्यांच्या इतिहासाची दुसरी बाजू समोर ठेवणारे इतिहासकार. हेच पगडी नोकरीच्या काळात आदिलाबादच्या गोंड मुलखात होते. गोंडांवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि गोंडी भाषेचे व्याकरणही लिहिले. आता त्याच मुलखातल्या गुडीहत्नूरच्या एखाद्या मुलीने गोंडांच्या सणांवर मराठीत प्रबंध लिहायला घेतला, तर ग्रंथालयात तिला पगडींचे हे पुस्तक ‘पगडी’ या नावाखाली मिळत नाही. इंग्रजी पुस्तकांवर त्यांचे नाव ‘पी. सेतुमाधव राव’ असे छापलेले आहे. ‘राव’ म्हणजे आडनाव, असे समजून सूची करणाऱ्याने त्यांना ‘राव, पी. सेतुमाधव’ म्हणून ‘र’मध्ये बसवलेले असते, मराठी पुस्तकांचे पगडी मात्र ‘प’मध्ये राहतात. एका माणसाचे दोन लेखक होतात, आणि प्रबंधाच्या शेवटच्या यादीत दोघेही एकमेकांना न ओळखता बसतात.

ही चूक स्वल्पविरामाची नाही. आपल्याकडे संदर्भलेखनावरची चर्चा मात्र बहुतेक वेळा स्वल्पविरामापाशीच अडते. साल कंसात की शेवटी, पुस्तकाचे नाव तिरपे की ठळक, एपीए की एमएलए. कार्यशाळा होतात, मार्गदर्शक पुस्तिका निघतात, आणि व्हायव्हाच्या दिवशी परीक्षक यादीतले पूर्णविराम मोजतात. संदर्भाचे खरे काम एवढेच आहे: लेखकाने विधान कशावरून केले, ते वाचकाला स्वतः जाऊन पाहता आले पाहिजे. तो पत्ता आहे. पत्ता सुबक अक्षरात लिहिला आणि घर सापडले नाही, तर त्या अक्षराला काही किंमत नाही. मराठीत संशोधन करणाऱ्याला हा पत्ता लिहिताना नेमक्या कुठे अडचणी येतात, आपल्या परंपरेने त्यावर काय केले होते आणि आजचे नियम काय करतात, याचा हा आढावा आहे. तो गुडीहत्नूरच्या बाजूने घेतला आहे, कारण सीमेवरच्या गावात या सगळ्या अडचणी एकाच वेळी समोर येतात.

आपल्याकडे हे नवे नाही

साधन सांगण्याची शिस्त इंग्रजांबरोबर आली, असा एक समज आहे. त्याला पहिला छेद मराठीतला आद्य गद्यग्रंथच देतो. चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करताना तेराव्या शतकात म्हाइंभटांनी नागदेवाचार्यांच्या आणि इतर शिष्यांच्या तोंडून लीळा ऐकल्या, ताडून पाहिल्या आणि लीळाचरित्र सिद्ध केले. पुढे पोथ्या हरवल्या, पुन्हा जुळवाव्या लागल्या, तेव्हा वेगवेगळ्या माणसांच्या स्मरणात वेगवेगळे तपशील निघाले. महानुभावांनी त्यांतला एक ठेवून बाकीचे पुसले नाहीत. कुणाच्या सांगण्यात काय फरक पडतो, याची नोंद त्या माणसाच्या नावाने केली. अशा पाठभेदाला त्यांच्या परिभाषेत ‘वासना’ म्हणतात. सांगणारा माणूस हेच साधन, आणि त्याचे नाव ग्रंथात राहिलेच पाहिजे, ही भूमिका सातशे वर्षांपूर्वी मराठीत होती. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिचे काम पडणार आहे.

आधुनिक काळात या शिस्तीला धार आली ती इतिहासाच्या वादांतून. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली निघाला, आणि १८६०च्या दशकात नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने त्याची चिकित्सा केली. साहेबाने लिहिले म्हणून ते खरे मानायचे नाही, कागद पाहायचा, हा धडा तिथून पुढच्या पिढीने घेतला. विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी तो टोकाला नेला. गावोगाव फिरून त्यांनी दप्तरे धुंडाळली आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे बावीस खंड काढले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले.

राजवाड्यांच्या खंडांतली एक साधी सोय फार मोलाची आहे. प्रत्येक कागदाला लेखांक आहे. म्हणून इतिहासाचे अभ्यासक आजही ‘राजवाडे खंड अमुक, लेखांक तमुक’ असाच दाखला देतात. खंड पुन्हा छापला, टाइप बदलला, पाने पुढे-मागे झाली, तरी लेखांक हलत नाही. ज्ञानेश्वरीचा दाखला अध्याय आणि ओवीच्या क्रमांकाने देतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे.

पुण्यातच १९१७ साली स्थापन झालेल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली. विष्णु सीताराम सुखटणकरांनी घालून दिलेल्या पद्धतीने ती १९६६ साली पूर्ण झाली. पानाच्या वरच्या भागात श्लोक आणि खाली कोणत्या हस्तलिखितात कोणता पाठ, याची दाटीवाटीने छापलेली टिपणे. संपादकाचा निर्णय पटला नाही, तर वाचकाने त्याच पानावरून दुसरा निर्णय करावा, इतका माल तिथे ठेवलेला आहे. शंकर गणेश दात्यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची सूची १९४३ साली काढली, पुढचा १९५० पर्यंतचा खंड १९६१ साली आला. मराठी विश्वकोशात आजही नोंदीखाली लेखकाचे नाव आणि संदर्भ दिसतात. म्हणजे परंपरेत काही कमी नव्हते. ती विद्यापीठाच्या वर्गात मात्र पोचली नाही.

एका कागदाने काय होते, त्याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण शिवजयंतीचे. कारीच्या जेधे देशमुखांकडची शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्धीला आणली. तिच्यात शिवाजी महाराजांचा जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया असा नोंदलेला होता. बखरींतून चालत आलेली तिथी शके १५४९च्या वैशाखातली होती. वाद पाऊण शतकाहून अधिक चालला आणि महाराष्ट्र शासनाने २००१ साली १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली. वाद इतका लांबला तरी तो वाद म्हणून नीट चालू शकला, कारण दोन्ही बाजूंना कोणता कागद कुठे आहे, हे माहीत होते.

बाहेरून आलेले साचे

आज विद्यापीठे ज्या शैली नेमून देतात, त्यांचे मूळ पाहण्यासारखे आहे. लेखकाचे नाव आणि साल मजकुरातच कंसात देण्याची पद्धत हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांच्या १८८१ सालच्या निबंधापर्यंत नेऊन पोचवतात. शिकागोची नियमपुस्तिका १९०६ सालची, छापखान्याच्या सोयीसाठी केलेली. एपीएचे नियम १९२९ साली मानसशास्त्राच्या एका नियतकालिकात सात पानांच्या लेखात मावले होते. सातवी आवृत्ती २०१९ साली आली, ती जाडजूड पुस्तक होऊन. एमएलए भाषा-साहित्यवाल्यांची. व्हँकूव्हर ही क्रमांकांची पद्धत १९७८ साली वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक कॅनडातल्या त्या शहरात जमले, त्या बैठकीतून निघाली.

यांतली प्रत्येक शैली आपापल्या धंद्याच्या गरजेतून आली आहे. मानसशास्त्रात प्रयोग कालचा की वीस वर्षांपूर्वीचा, याला महत्त्व, म्हणून साल पुढे. साहित्यात ओळ कोणत्या पानावर, याला महत्त्व, म्हणून पान पुढे. डॉक्टरांना जागा वाचवायची, म्हणून नुसता आकडा. आपल्याकडे मात्र शैली निवडली जाते ती विद्यापीठाच्या परिपत्रकावरून. मराठी विभागातला विद्यार्थी तुकारामांवर लिहितो आणि परिपत्रक एपीएचे असते, तेव्हा त्याला ‘(तुकाराम, १९७३)’ असे लिहावे लागते. तुकोबा १९७३ साली काय करत होते, हा प्रश्न कुणालाही पडत नाही.

कोणतीही एक शैली वाईट आहे, असे म्हणायचे नाही. शैलीमुळे शिस्त येते, आणि एकाच प्रबंधात तीन पद्धती नांदण्यापेक्षा एक परकी पद्धत बरी. पण या साच्यांनी काही गोष्टी गृहीत धरल्या आहेत: लेखकाला एक आडनाव असते, पुस्तकाला एक साल असते, लिपी एक असते, आणि ज्ञान छापलेले असते. मराठीत या चारही गोष्टी ढळतात.

नाव, साल आणि पान

नावापासून सुरुवात करू. ज्ञानेश्वर, एकनाथ, म्हाइंभट यांना यादीत आडनाव नाही. त्यांना नावानेच बसवावे लागते. टोपणनावे ही मराठीची खास मिरास. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर हे एकच, आरती प्रभू आणि चिं. त्र्यं. खानोलकर एकच, हे मराठीचा विद्यार्थी जाणतो; समाजशास्त्राचा जाणतोच असे नाही. ‘कळ्यांचे निःश्वास’ १९३३ साली आले ते विभावरी शिरूरकर या नावाने. त्याच लेखिका माहेरच्या बाळूताई खरे आणि सासरच्या मालतीबाई बेडेकर. स्त्री-लेखनावरच्या प्रबंधात त्या तीन वेगळ्या बायका म्हणून मोजल्या गेल्या, तर निष्कर्षच चुकेल. उलट बाजूने, नुसते ‘दाते’ लिहिले तर ग्रंथसूचीवाले शंकर गणेश की महाराष्ट्र शब्दकोशाचे यशवंत रामकृष्ण? पंचांगकर्ते आणखी निराळे.

सालाचे तर विचारूच नका. जुन्या मराठी पुस्तकांवर शक असतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन, हे सगळ्यांना पाठ असते. पण जानेवारी ते फाल्गुनअखेर ७९ मिळवावे लागतात, हे विसरले जाते. वरच्याच उदाहरणात शके १५५१च्या फाल्गुनात ७८ मिळवले, तर शिवजन्म १६२९ सालावर जातो. आदिलाबादच्या बाजूला आणखी एक सन भेटतो, फसली. निजामाच्या दप्तरातला कागद फसली १३५० चा असेल, तर तो १९४०-४१ सालचा, म्हणजे साधारण ५९० मिळवायचे. निजामाविरुद्ध लढलेले गोंड नेते कोमरम भीम १९४० साली जोडेघाटला मारले गेले. त्यांची पुण्यतिथी गोंड आश्विनी पौर्णिमेला पाळतात. छापील मजकुरात मात्र कुठे सप्टेंबर दिसतो, कुठे ऑक्टोबर. यांतली कोणती तारीख तिथीवरून काढली आणि कोणती सरकारी कागदावरून घेतली, हे तळटिपेत सांगितले नाही, तर पुढचा लेखक कोणतीही एक उचलतो आणि ती ‘इतिहास’ होते.

पानांची गोष्टही तशीच. तुकारामांच्या अभंगाला क्रमांक असतो, म्हणून तो देऊन विद्यार्थी मोकळा होतो. पण शंकर पांडुरंग पंडितांनी १८६९ ते १८७३ या काळात सिद्ध केलेली इंदुप्रकाशाची गाथा, तिच्यावर उभी असलेली शासकीय गाथा, जोग महाराजांची गाथा आणि देहूची गाथा यांत क्रमांक जुळत नाहीत. क्रमांक दिला आणि आवृत्ती दिली नाही, तर दाखला वायाच. वर्तमानपत्रांचे हेच होते. एकाच तारखेच्या अंकाच्या नांदेड आणि पुणे आवृत्त्यांत पाचवे पान वेगळे असते; तारीख आणि पान लिहून आवृत्ती गाळणारा वाचकाला चुकीच्या पानावर पाठवतो.

आणि शेवटी यादीचा क्रम. संगणकाला अकारविल्हे लावायला सांगितले, की तो बहुधा लिपीतल्या अंतर्गत क्रमांकांप्रमाणे लावतो: ‘क्ष’ला ‘क’मध्ये, ‘ज्ञ’ला ‘ज’मध्ये, ‘ळ’ला ‘ल’च्या शेजारी. शाळेत शिकलेल्या वर्णमालेत तिन्ही शेवटी, ‘ह’च्या नंतर. दोन्ही पद्धतींना कोशांत आधार आहे. यादीच्या डोक्यावर कोणता क्रम पाळला, हे एका ओळीत सांगितले तर प्रश्न मिटतो. ती ओळ क्वचितच कुणी लिहितो.

गाव जागेवर, जिल्हा हलतो

गुडीहत्नूर हे मंडलाचे गाव नागपूर-हैदराबाद महामार्गावर आहे. इथूनच इंद्रवेल्ली-उटनूरकडे फाटा जातो. बाजारात मराठी, तेलुगू, गोंडी कानावर पडते. गाव कुठे हलले नाही, पण त्याचा कागदावरचा पत्ता सतत बदलत राहिला. १९५६ पर्यंत हैदराबाद राज्य, मग आंध्र प्रदेश, २ जून २०१४ पासून तेलंगण. पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात असलेले किनवट आणि राजुरा हे तालुके १९५६ साली नांदेडला जोडले गेले, राजुरा पुढे चंद्रपुरात गेला. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी उरलेल्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले: आदिलाबाद, निर्मल, मंचेरियल आणि कोमरम भीम. महामार्गाचा क्रमांकसुद्धा ७ चा ४४ झाला.

याचा संदर्भांशी काय संबंध? थेट आहे. १९८१ च्या जनगणनेतला ‘आदिलाबाद जिल्हा’ आणि आजचा आदिलाबाद जिल्हा यांचे आकडे एका ओळीत ठेवले, तर लोकसंख्या घटल्यासारखी दिसेल. १९४१ चा आकडा घेतला, तर त्यात किनवटही आले. तळटिपेत ‘आदिलाबाद (तत्कालीन हद्द)’ एवढे दोन शब्द घातले नाहीत, तर सगळे कोष्टक फसते. गावाच्या नावाचे स्पेलिंग हा आणखी एक सापळा. इंग्रजी कागदांत गुडीहत्नूर ‘टी’ने येते, ‘टीएच’ने येते, ‘यू’ने, दोन ‘ओ’ने, कधी दोन शब्द करून. देवनागरीत ‘त्न’ जोडूनही लिहितात, तोडूनही. शोधयंत्रात एकच रूप घातले, की निम्मे कागद दिसतच नाहीत. प्रबंधाच्या सुरुवातीला गावांच्या नावांची पर्यायी रूपे देणारे अर्धे पान असले, तर पुढच्या अभ्यासकाचे कष्ट वाचतात.

लिपीचा प्रश्नही इथे नेहमीपेक्षा गहिरा आहे. एकाच विषयावर इंग्रजी, मराठी, तेलुगू आणि उर्दू साधने असतात. नारनूर मंडलातल्या गुंजाला गावी गोंडीच्या स्वतंत्र लिपीतल्या पोथ्या मिळाल्या, आणि २०१८ साली ती लिपी ‘गुंजाला गोंडी’ या नावाने युनिकोडमध्ये आली. म्हणजे आता गोंडी पोथीचे नाव तिच्याच अक्षरांत यादीत छापता येते. त्याआधी, १९४०च्या दशकात, मारलवाईच्या शिक्षक-प्रशिक्षण केंद्रातून गोंड मुलांसाठी जी पहिली पुस्तके निघाली, ती गोंडी भाषेत पण देवनागरी लिपीत होती. अशा पुस्तकाची नोंद ‘मराठी’ यादीत टाकणारे सापडतात, केवळ लिपी पाहून. भाषा आणि लिपी या नोंदीतल्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्ही लिहाव्या लागतात.

सांगणाऱ्याचे नाव

आता सगळ्यांत अवघड भाग. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हा ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ दुसऱ्या महायुद्धात शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरून हैदराबाद संस्थानात अडकला आणि मारलवाईत गोंडांमध्ये राहिला. १९४८ साली त्याचा आदिलाबादच्या राजगोंडांवरचा ग्रंथ लंडनहून निघाला. ‘हैदराबादच्या आदिम जमाती’ या मालेचा तो तिसरा खंड, आणि त्याचा गाभा म्हणजे गोंडांच्या पुराणकथा आणि विधी. तेव्हापासून गोंडांवरच्या प्रत्येक प्रबंधात त्याचे नाव असतेच. ते असावेही.

पण या कथा हायमेनडॉर्फने रचल्या नाहीत. त्या त्याला परधानांनी सांगितल्या. परधान हे गोंडांचे वंशपरंपरागत गाणारे. किंगरी वाजवत ते यजमान कुळाची कथा गोंडीतून गातात, आणि आदिलाबादच्या या परधानांची घरातली बोली मराठी आहे. म्हणजे ज्या ज्ञानाचा दाखला आपण लंडनच्या प्रकाशकाच्या नावाने देतो, त्याचे धनी आपल्याच भाषेत बोलणारे आणि आपल्याच शेजारचे लोक आहेत. पौष अमावास्येला केसलापूरला मेसराम कुळाची नागोबाची जत्रा भरते. ते गाव गुडीहत्नूरहून फार लांब नाही. आजही तिथे कथा ऐकता येते.

ती ऐकून प्रबंधात वापरली, तर यादीत कशी लिहायची? एपीएचा नियम सांगतो की मुलाखत, संभाषण अशी वाचकाला परत मिळवता न येणारी साधने मजकुरातल्या कंसातच उल्लेखावीत, शेवटच्या यादीत त्यांना जागा नाही. नियमामागे तर्क आहे, पण परिणाम असा होतो की कथा सांगणारा परधान यादीतून गळतो आणि ती ऐकून लिहिणारा साहेब राहतो. कॅनडातल्या आदिवासींच्या बाबतीत हीच अडचण आली. तिथल्या ग्रंथपाल लोरिसिया मॅक्लाउड यांनी ज्येष्ठ ज्ञानधारकांसाठी वेगळे नमुने तयार केले: नाव, जमात, राहण्याचे ठिकाण, कोणत्या विषयावर बोलले, केव्हा. २०२१ साली त्यांनी त्यावर लेख लिहिला आणि तिथल्या अनेक ग्रंथालयांनी ते नमुने उचलले.

आपल्याला त्यासाठी कॅनडाकडे पाहायची गरज नव्हती. म्हाइंभटांनी आणि त्यांच्या मागून आलेल्यांनी सांगणाऱ्यांची नावे ग्रंथातच ठेवली होती. मराठी विद्यापीठांनी तोच धागा धरून मौखिक साधनाची नोंद यादीत घ्यायची ठरवली, तर ती परंपरेला धरूनच होईल. नोंदीत गायकाचे नाव, कुळ, गाव आणि मंडल, कथेचे नाव, भाषा, ऐकल्याची तारीख आणि प्रसंग, ध्वनिमुद्रण कुठे ठेवले आहे, आणि नाव छापायला त्याची संमती आहे की नाही, एवढे यावे. संमती नसेल, तर नाव न देता गाव आणि भाषा तरी द्यावी. ध्वनिमुद्रण एखाद्या ग्रंथालयात ठेवले, की ‘परत मिळवता येत नाही’ हा आक्षेपही उरत नाही.

टक्केवारीचा धाक

संदर्भलेखनाची चर्चा गेल्या काही वर्षांत एका आकड्याभोवती फिरू लागली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम काढले. प्रबंधातला मजकूर इतर साहित्याशी दहा टक्क्यांपर्यंत जुळला, तर शिक्षा नाही. दहा ते चाळीस टक्के जुळला, तर सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून पुन्हा द्यायचा. चाळीस ते साठ टक्के जुळला, तर सुधारित प्रबंध द्यायला वर्षभर बंदी. त्याच्या वर गेला, तर नोंदणीच रद्द. श्रेय देऊन घेतलेले उतारे, संदर्भयादी, प्रस्तावना, कायद्यांची नावे आणि सलग चौदा शब्दांपर्यंतचे साम्य मोजायचे नाही, हेही त्याच नियमांत लिहिलेले आहे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने ‘शोधगंगा’वर देशभरचे प्रबंध ठेवले, आणि २०१९ पासून ‘शोधशुद्धी’तून तपासणीची सोय केली.

नियमांचा हेतू चांगला आहे आणि त्यांची गरज होती. शिक्षण म्हणून मात्र ते फसले, असे मला वाटते. विद्यार्थ्याच्या मनात एवढेच ठसले की आकडा दहाच्या खाली आणायचा. मग उताऱ्यातले शब्द फिरवायचे, कर्तरीचे कर्मणी करायचे आणि दाखला गाळायचा, हा उद्योग सुरू होतो. आकडा खाली येतो, पण चोरी तशीच राहते, उलट तिच्यावर पांघरूण पडते. दुसऱ्याचा विचार आपल्या शब्दांत मांडला तरी तो दुसऱ्याचाच असतो, हे यंत्र शिकवू शकत नाही.

मराठीच्या बाबतीत तर यंत्र अर्धे आंधळे आहे. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला प्रबंध डोळ्यांना मराठी दिसतो, पण आतून ती रोमन चिन्हांची खिचडी असते. स्कॅन करून चढवलेली पाने म्हणजे नुसती चित्रे. त्यांच्याशी युनिकोडमधला नवा प्रबंध ताडून पाहिला, तर साम्य निघणार कुठून? मराठी प्रबंधाला चार टक्क्यांचे प्रमाणपत्र मिळाले, म्हणून तो स्वच्छ आहे, असे म्हणता येत नाही.

यंत्राचा दुसरा धोका नवा आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेला संदर्भ मागितले, की ती बिनदिक्कत रचून देते: लेखक खरा, नियतकालिक खरे, लेख मात्र अस्तित्वात नसलेला. २०२३ साली न्यूयॉर्कमधल्या वकिलांनी असे काल्पनिक निवाडे न्यायालयात सादर केले आणि त्यांना पाच हजार डॉलर दंड झाला. इंग्रजीत अशी नोंद डीओआय क्रमांक घालून तपासता येते. जुन्या मराठी पुस्तकांना आणि नियतकालिकांना तो क्रमांक नसतो, त्यामुळे रचलेली मराठी नोंद पकडायला दाते सूची, ग्रंथालयाचा कॅटलॉग किंवा प्रत्यक्ष पुस्तक हाच उपाय उरतो.

सोयी आहेत, संकेत ठरायचे आहेत

साधनांची वानवा आता राहिलेली नाही. २००६ साली आलेले झोटेरो फुकट आहे, देवनागरी नोंदी सांभाळते आणि शैली बदलायची झाली तर एका क्लिकवर बदलून देते. म्हणजे ज्यावर कार्यशाळा घ्यायच्या, ते स्वल्पविरामाचे काम संगणक करतो. उरते ते माणसाचे काम, आणि त्यासाठी मराठी विद्यापीठांनी मिळून मोजके संकेत ठरवले तर पुरेत.

नाव मुखपृष्ठावर असेल तसे द्यावे, आणि प्रचलित नाव चौकटी कंसात: ‘राव, पी. सेतुमाधव [पगडी, सेतुमाधवराव]’; ‘पगडी’खाली उलट निर्देशही असावा. साल छापले असेल तसे, शक किंवा फसली, आणि पुढे इसवी सन. संतवाङ्मयाला आणि साधनखंडांना पानाबरोबर ओवी, अभंग किंवा लेखांकाचा क्रमांक, आवृत्तीसह. आणि ‘(तुकाराम, १९७३)’ऐवजी संपादकाचे किंवा गाथेचे नाव. गावाचा पत्ता साधनाच्या काळातला, कंसात आजचा जिल्हा. भाषा आणि लिपी वेगळ्या. मौखिक साधनाला यादीत जागा. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे जे स्वतः पाहिले नाही, ते ‘अमुकच्या पुस्तकातून उद्धृत’ असे स्पष्ट लिहिणे. हायमेनडॉर्फ न वाचता हायमेनडॉर्फचे पान देणे ही आपल्याकडची सर्वांत रुळलेली लबाडी आहे, आणि कोणतेही यंत्र तिला पकडत नाही.

परीक्षकांनाही एक बदल करता येईल. व्हायव्हाला यादीतले पूर्णविराम तपासण्याऐवजी त्यांनी कोणत्याही तीन नोंदींवर बोट ठेवावे आणि विद्यार्थ्याला विचारावे: हे पुस्तक कुठे पाहिले, यातून काय घेतले, आणि तुमच्या गावच्या वाचकाला ते हवे असेल तर तो कुठे जाईल? ज्याने वाचले आहे, त्याला या प्रश्नांची भीती नाही. गुडीहत्नूरहून आलेल्या मुलीची एपीए शैली एखाद्या ठिकाणी चुकली असेल, पण केसलापूरच्या गायकाचे नाव, कथा ऐकल्याची तारीख आणि मुद्रण ठेवलेल्या ग्रंथालयाचा पत्ता तिच्या यादीत असेल, तर तिला पदवी देताना परीक्षकाने क्षणभरही थांबू नये.